घोडीपुढे चालणारी विमल

मार्गशीर्षातली सकाळ होती, साडेसात वाजले असतील. फोनवर विमलच्या शेजारची रेखा होती. म्हणाली, "मॅडमजी, मास्टर गईं." मी विचारलं, "कहाँ गईं?" खरंच विचारलं. लग्नसराईत विमल घरी सापडायचीच नाही. आज डबरा, उद्या दतिया, परवा मुरैना असं तिचं चाललेलं असायचं. त्यामुळे ती गेली म्हणजे कुठल्यातरी बारातीला गेली, असंच मला वाटलं. मग रेखा म्हणाली, "कहीं नहीं, मॅडमजी. यहीं हैं... खटिया पर." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

विमल कदम हे नाव वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. पण ग्वाल्हेरात गेल्या तीस वर्षांत कुणाचं लग्न झालं असेल, तर त्याने तिला पाहिलेलं असण्याची शक्यता आहे. लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी आणि टोपीखालून पाठीवर सोडलेली वेणी. हातात क्लॅरिनेट. मागे ढोल, ताशे, कर्णे वाजवणाऱ्या दहा-बारा बायका, त्यांच्यामागे नाचणारे बाराती आणि शेवटी घोडीवर नवरदेव. ती बँडमास्टर होती. सदुसष्टाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने, बिरला नगरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात पहाटे गेली. एखादी गायिका जाते तेव्हा वर्तमानपत्रात फोटो येतो, दोन मान्यवरांच्या प्रतिक्रिया येतात. विमलच्या वाट्याला एक ओळही आली नाही. ती ओळ लिहावी म्हणून बसले आहे. एका ओळीत भागणार नाही असं दिसतंय.

विमल आणि मी, मीना, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मुलींच्या शाळेत एका वर्गात होतो. माझे वडील वकील, त्यांचे वडील दरबारी कारकून, त्यांच्याही आधीचे कुणी देवघरातले पुजारी. विमलचे वडील बाबूराव गिरणीत विणकाम खात्यात होते आणि त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनहून आलेले. विमल एकदा मला म्हणाली होती, "तुझे पणजोबा पंचांग घेऊन आले, माझे तलवार घेऊन. आता ना पंचांग कामाचं, ना तलवार. चल, पेरू खाऊ." ती बिरला नगरहून टेम्पोत लटकत शाळेत यायची, नेहमी उशिरा यायची आणि उशिराबद्दल कधीही माफी मागायची नाही. "टेम्पोवाल्याला विचारा ना, बाई, मी काय टेम्पो चालवते?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

गिरणीचा स्वतःचा बँड होता. दसऱ्याला, विश्वकर्मा पूजेला तो वाजायचा आणि त्यात बाबूराव क्लॅरिनेट वाजवायचे. पण विमल दहा-अकरा वर्षांची झाली तोवर कापसाच्या धुरळ्याने त्यांची छाती भरली होती. दोन ओळी वाजवल्या की खोकल्याची उबळ यायची आणि वाद्य मांडीवर ठेवावं लागायचं. विमलचा मोठा भाऊ सुरेश त्या वाद्याला हात लावायला तयार नव्हता. तो त्याला पिपाणी म्हणायचा. मग बाबूराव विमलला पुढ्यात बसवायचे, मागून हात घालून चाव्यांवर स्वतःची बोटं ठेवायचे आणि फुंकायला तिला लावायचे. "बोटं माझी, वारा तुझा," असं म्हणायचे. असं वर्षभर चाललं. एके दिवशी त्यांनी न सांगता बोटं काढून घेतली, आणि तिची बोटं तिथे आपोआप गेली. हे मला विमलने सांगितलं तेव्हा आम्ही आठवीत होतो, आणि मला तिचा फार हेवा वाटला होता. माझ्या घरी पेटी शिकवायला मास्तर यायचे, ते पट्टीने बोटांवर मारायचे.

नववीच्या स्नेहसंमेलनात कार्यक्रम ठरत होते. संगीताच्या बाईंनी विचारलं, कोण काय वाजवणार. सतार, पेटी, जलतरंग अशी नावं आली. विमल उभी राहून म्हणाली, "क्लॅरिनेट." बाई हसल्या. नंतर ती थट्टा नाही हे लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "मुलीच्या जातीला फुंकायची वाद्यं शोभत नाहीत. गाल फुगतात, ओठ बिघडतात, चेहऱ्याची रया जाते." विमल तशीच उभी. म्हणाली, "बाई, आमच्या घरी रोज सकाळी चूल मीच फुंकते. गाल तेव्हाही फुगतात. तेव्हा तर कोणी नाही बोलत!" सगळा वर्ग हसला, मीही हसले. विमलला दोन तास वर्गाबाहेर उभं केलं आणि संमेलनातून तिचं नाव गेलं. संमेलनाच्या संध्याकाळी पाहुणे निघाले तेव्हा फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, विमल उभी होती. गणवेश तोच, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि ओठांना क्लॅरिनेट. भूप वाजवत होती. त्या रागाला भूप म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पाहुणे थांबले, ऐकून गेले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी तिला बोलावलं. ती म्हणाली, "फाटकाच्या आत मना केलं होतं. रस्ता तर शाळेचा नाही ना."

आमचं ग्वाल्हेर गाण्याचं शहर म्हणवतं. इथे बाईने गावं, हे शहराने पूर्वीच कबूल केलं आहे. बाईने पेटी वाजवली तर चालतं, सतार घेतली तर फोटो छान येतो. पण बाईने फुंकलेलं, बडवलेलं, रस्त्यावर उभं राहून वाजवलेलं या शहराला सोसत नाही. पखावज घेऊन बसलेल्या मुलीला विचारतात, हात दुखत नाहीत का. सनई घेतली तर विचारतात, घरात कोणी पुरुष नाही का. मी पुढे तीस वर्षं मुलींच्या शाळेत संगीत शिकवलं. हे सगळं मीही बोलले असेन, थोड्या मऊ शब्दांत. विमलबद्दल लिहिताना हे आधी सांगितलेलं बरं.

विसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, झाशीला. क्लॅरिनेट तिने साड्यांच्या पेटीत तळाशी घालून नेलं. सासूला ते सापडलं आणि तिने ते धान्याच्या कोठीत पुरलं. विमलला शोधायला दोन महिने लागले. ही गोष्ट ती हसत सांगायची. "कोठीतून काढलं, आणि जशी मी पहिली फुंक मारली ना, मीने, गहू उडाले समोरच्या भिंतीवर, टण टण टण! सासूबाई तर देवाचं नाव घ्यायला लागल्या." नवरा तसा वाईट माणूस नव्हता, असंही ती सांगायची. त्याने मारलं नाही, ओरडला नाही. तो इतकंच म्हणाला, "वाजवायचंच असेल तर माहेरी वाजव." विमल म्हणायची, "तर मग मी माहेरी आले." या एका वाक्यात तिने आपल्या संसाराचा सगळा वृत्तांत मिटवला होता. त्या वाक्यामागे काय काय होतं ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायला हवं होतं असं वाटतं.

माहेर म्हणजे तरी काय... बाबूराव गेले, काही वर्षांत गिरणी बंद पडली. सुरेशला सरकारी नोकरी लागली होती, त्याने पुढे शहरातच, हरिशंकरपुरम वसाहतीत घर केलं. विमल बिरला नगरच्या खोल्यांत राहिली आणि शिवणकाम करू लागली. योगायोग असा की तिच्याकडे काम आलं ते बँडवाल्यांच्या गणवेशांचं. लाल कोट, काळी पट्टी, सोनेरी झालर. शहरातल्या निम्म्या बँडवाल्यांच्या छातीचं माप तिच्या वहीत होतं. दहा-बारा वर्षं ती पुरुषांसाठी ते कोट शिवत राहिली आणि घरात दार लावून वाजवत राहिली. दार का लावायचीस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "तेव्हा अक्कल कमी होती."

पहिली बारात कशी वाजवली ते तिने मला दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं, म्हणून ते मला शब्दशः आठवतं. ती कोट द्यायला एका बँडच्या दुकानात गेली होती. त्यांचा क्लॅरिनेटवाला तापाने पडला होता, दुसरा कोणी मिळत नव्हता आणि बारात तासाभरात निघायची होती. दुकानाचे मालक, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, डोक्याला हात लावून बसले होते. विमल म्हणाली, "मैं बजा दूँ?" ते म्हणाले, "बहनजी, आज मज़ाक का दिन नहीं है." तिने समोरचं वाद्य उचललं, तोंडाकडची वेताची पत्ती ओठांनी ओली केली आणि त्या वर्षी प्रत्येक लग्नात वाजणारं गाणं वाजवून दाखवलं. उस्तादांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "ठीक है. पर चोटी टोपी के अंदर." विमल म्हणाली, "टोपी मेरी ही सिली हुई है, उस्ताद. उसमें चोटी नहीं आती." वेणी बाहेरच राहिली.

बारात निघाली. पहिल्या चौकापर्यंत लोकांना कळलं नाही, दुसऱ्या चौकात कळलं. मुलं ओरडू लागली, गच्चीवरच्या बायका वाकून पाहू लागल्या. नवरदेवाचा एक काका पुढे आला, थोडी घेतलेली होती, आणि विमलसमोर हात नाचवत म्हणाला, "बाई है तो नाच के भी दिखाए!" विमलने क्लॅरिनेट खाली घेतलं. सूर थांबला तसा कर्णा थांबला, ढोल दोन ठोके चुकून थांबला. सगळी बारात रस्त्याच्या मधोमध उभी. ती म्हणाली, "नाचना आपका काम है, बजाना मेरा. आप शुरू कीजिए, फिर मैं शुरू करूँगी." काका उभा, विमल उभी. मागे मोटारींचे भोंगे. शेवटी घोडीवरून नवरदेव ओरडला, "चाचा, माफ़ी माँग लो यार, घोड़ी बिदक रही है!" काकाने कान पकडले, लोक हसले आणि काका खरोखरच नाचला. विमल मला हे सांगत होती तेव्हा तिचा खालचा ओठ सुजला होता. तीन तास सलग वाजवायची सवय नव्हती. मी हळद लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे. कळू तरी दे ओठाला, काम केलंय म्हणून."

त्यानंतर उस्तादांनी तिला दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा त्यांच्या माणसांनी सांगितलं, ती असेल तर आम्ही नाही. उस्तादांना वाईट वाटलं, पण ते दुकान चालवत होते. विमलने दुसऱ्या दुकानात विचारलं, तिसऱ्यात विचारलं. मग विचारणं बंद केलं आणि स्वतःचा बँड काढला. बायका कुठून आणल्या? आणायला लागल्याच नाहीत. बंद पडलेल्या गिरणीच्या आसपास घरोघर काम शोधणाऱ्या बायका होत्या. पापड लाटणाऱ्या, उदबत्त्या वळणाऱ्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या. शेजारच्या घरात नवी सून आली होती, रेखा. तिला विमलने अंगणात धुणं बडवताना ऐकलं. पाहिलं नाही, ऐकलं. भिंतीवरून डोकावून म्हणाली, "ए, तुझा हात लयीत आहे." मराठी रेखाला कळलं नाही. विमलने हिंदीत सांगितलं. रेखा आधी ढोलावर बसली आणि दोन-तीन वर्षांनी क्लॅरिनेटवर आली.

पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, "लेडीज बँड लिखूँ?" विमल म्हणाली, "बाकियों की पाटी पर जेंट्स बँड लिखा है क्या?" पाटीवर आलं, 'कदम बँड'. ती पाटी पाहून सुरेश हरिशंकरपुरमहून स्कूटरवर आला. मी तेव्हा तिथे होते. तो ओरडला नाही, हळू आवाजात म्हणाला आणि तेच जास्त लागलं. "विमल, मला मुली आहेत लग्नाच्या. आपलं आडनाव असं रस्त्यावर टांगू नकोस." विमल कोटाला बटण लावत होती. दोरा दातांनी तोडून म्हणाली, "आडनाव काय तुझ्या एकट्याचं आहे? माझ्या वाटचं टांगलंय मी. तुझ्या वाटचं तुझ्यापाशीच आहे ना?" सुरेश निघून गेला. त्याच्या मुलींच्या लग्नात दुसरे बँड होते. विमलला पत्रिका आली, ती गेली, आहेर केला, जेवली.

हळूहळू तिची बुकिंग वाढली. कौतुकही होऊ लागलं, पण विमलला त्या कौतुकाचा राग यायचा. एका मंडळाने महिला दिनाला बोलावलं. शाल, श्रीफळ, आणि दहा मिनिटं वादन. तिने निरोप आणणाऱ्या बाईंना विचारलं, "तुमचा मुलगा लग्नाचा आहे ना? शाल राहू द्या. त्याच्या लग्नाचं बुकिंग द्या." बाई म्हणाल्या, विचार करून सांगते. त्यांनी सांगितलं नाही, आणि विमलही गेली नाही. "शाल देतात आणि स्टेजवर बसवतात," ती म्हणायची. "मला रस्ता पाहिजे."

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे पुण्याचे, शिकलेले, नीटनेटके लोक. त्यांना वरातीत बँड हवा होता, उत्तरेतलं लग्न म्हणून हौस. आमच्या घरात चर्चा झाली तेव्हा मी एकदा विमलचं नाव घेतलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाले नाहीत. आणि मीही पुन्हा नाव घेतलं नाही. बाजारातला एक बँड ठरवला, पुरुषांचा. विमलकडे पत्रिका घेऊन गेले, कुंकू लावलं. तिने विचारलं, "बँड कोणाचा?" मी म्हणाले, "अगं, ते मुलाकडच्यांनीच परस्पर ठरवलं..." शहरातले सगळे बँडवाले एकमेकांना ओळखतात, कोणाच्या घरून माणूस बुकिंगला गेला होता हे तिला आठ दिवस आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "बरं."

लग्नाला ती आली. मोतिया रंगाची साडी, केसात गजरा. सकाळचा मुहूर्त होता. वरात कार्यालयाच्या दारात आली तेव्हा ती पायऱ्यांवर माझ्या शेजारी उभी होती. क्लॅरिनेटवाला सुरात नव्हता. वरचा षड्ज सरळ सरळ उतरलेला लागत होता, प्रत्येक वेळी. माझे कान त्या क्षणीही माझेच होते, मला ऐकू येत होतं. विमल जेवली, मुलीला आशीर्वाद दिला. निघताना दाराशी मला म्हणाली, "क्लॅरिनेट बेसूर होतं. तुला कळत होतं, मीने. आणि तू गप्प बसलीस."

सहा वर्षं आम्ही बोललो नाही. म्हणजे मी गेले नाही. माझ्या दर्पण कॉलनीहून बिरला नगर काही परगाव नाही. लाज वाटत होती, आणि लाजेला मी स्वाभिमान असं नाव देऊन ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर, घर रिकामं झाल्यावर, एका गुरुवारी दुपारी गेले. पुढच्या खोलीत आठ-दहा बायका वाजवत होत्या. विमलने मला पाहिलं, वाजवणं थांबवलं नाही, मानेनेच बस म्हणाली. गाणं संपल्यावर म्हणाली, "चहा घेशील?" मी काय काय ठरवून गेले होते, माफीची वाक्यं तयार होती. तिने एकही बोलू दिलं नाही. "ते जाऊ दे. तू तर लिहून शिकवतेस ना गाणी? ह्यांना लिहायला शिकव. सगळं माझ्या डोक्यात आहे, मी मेले तर सगळं जाईल." मग दर गुरुवारी मी जात राहिले. सा रे ग म लिहून द्यायचे, मात्रा मांडून द्यायचे. शिक्षा म्हणून सुरू झालं असावं. पण माझ्या सगळ्या नोकरीत जेवढं शिकवलं नसेल तेवढं त्या खोलीत शिकवलं. विमल मध्येच म्हणायची, "मॅडम, हे कागदावर बरोबर आहे. रस्त्यावर दम नाही पुरत. इथे श्वास दे." मी खोडून श्वास लिहायचे.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा अंगणात सतरंजी घातली होती. आतून बायका एकेक करून बाहेर येत होत्या, आणि सगळ्यांच्या अंगावर लाल कोट होते. सुरेश खुर्चीवर बसला होता. म्हातारा झालाय तो आता. कोट पाहून थरथरत उठला. "मयताला बँड? लोक काय म्हणतील?" रेखा रडून सुजलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "भैया, हम बजाने नहीं आए हैं. शाम को बारात है. बाद में कपड़े बदलने का टाइम नहीं मिलेगा." सुरेशला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो खाली बसला. "आज? आज तुम्ही वाजवायला जाणार? तिची राख तरी थंड होऊ द्या!" शेजारची माणसं रेखाकडे अशी पाहत होती की तिने मान खाली घातली. मी पाहिलं, ती आता नाही म्हणणार होती.

मी आयुष्यभर ज्या जागी गप्प बसले ती हीच जागा, असं मला वाटलं. मी म्हणाले, "सुरेश, एका घरी मुलगी नटून बसली आहे. त्यांचं लग्न आजच आहे, ते काही उद्या होणार नाही. विमलने तीस वर्षांत एक बारात मोडली नाही. ह्या जातील. आणि ह्यांच्याबरोबर मी जाणार आहे." सुरेश माझ्याकडे पाहत राहिला. मग टोपी सरळ करत म्हणाला, "मीनाताई, तुम्ही पण..." स्मशानातही बायका आल्या, लाल कोटांसकट. कुणीतरी कुजबुजलं, कुणी अडवलं नाही. खांदा द्यायला रेखा पुढे झाली तेव्हा सुरेशनेच मागे सरून तिला जागा करून दिली. हे त्याच्याबद्दल लिहायलाच हवं.

पाच वाजता आम्ही बारातीच्या ठिकाणी होतो. लग्नघरच्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं रेखाचंच म्हणणं, त्यांचा आनंदाचा दिवस आहे. विमलची जागा घोडीच्या पुढे, सगळ्यांच्या पुढे. रेखा तिथे जाऊन उभी राहिली. ढोल सुरू झाला, तिने क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि नुसता वारा आला. पुन्हा फुंकलं, पत्ती किंचाळली. रडणं आणि फुंकणं एकाच गळ्याने होत नाही. ढोलवाल्या तोच ठेका पुन्हा पुन्हा वाजवत तिची वाट पाहू लागल्या. बाराती एकमेकांकडे बघायला लागले. मागून कुणी म्हणालं, "क्या हुआ, बजाना नहीं आता क्या?"

मी पदर खोचला, रेखाच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि गाऊ लागले. जुनं लग्नातलं गाणं, मीच तिला लिहून दिलेलं. सदुसष्ट वर्षांचा गळा, भर रस्ता, माईक नाही, समोर शंभर माणसं. पहिल्या ओळीला माझा आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला लागला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, ये तो स्कूल वाली मॅडम हैं!" ऐकू आलं, आणि ऐकून मी आवाज वाढवला. तिसऱ्या ओळीला माझ्या स्वराच्या खालून एक बारीक सूर आला, थरथरता, मग भरत गेला. रेखाने डोळे मिटले होते. मी थांबले. ती चालू लागली आणि बारात तिच्यामागे निघाली. मी लग्नघरापर्यंत शेजारून चालत गेले. शिक्षिका म्हणून मी किती मिरवणुका फुटपाथवरून पाहिल्या असतील. रस्त्याच्या मधून शहर वेगळंच दिसतं. गच्च्या, खिडक्या, दुकानं सगळी आपल्याकडे वळलेली असतात, आणि तुम्हाला चालत राहायचं असतं. विमल हे रोज करत होती. ते किती अवघड आहे हे मला त्या दिवशी पायांनी कळलं.

तिला जाऊन आता सहा आठवडे झाले. गुरुवार मी सोडलेला नाही. पुढच्या खोलीत भिंतीला खुंट्या आहेत, त्यांवर कोट टांगलेले असतात. विमलचाही आहे, एका नव्या बाईला तो होतो का पाहिलं, खांद्यात सैल झाला. रेखाने टाचण्या लावून ठेवल्या आहेत, ती आत घेणार आहे. शिलाई मशीनच्या खाली विमलचा मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. नंबर बदलायचा नाही असं ठरलं आहे, कारण तो शहरभर पत्रिकांवर आणि पाटीवर आहे. परवा आम्ही एक अंतरा बसवत होतो, बसत नव्हता, मी कागदावर श्वास इकडचा तिकडे करत होते. तेवढ्यात तो फोन वाजला. सगळ्या थांबल्या. रेखाने स्पीकरवर टाकला. एक पुरुषी, घाईतला आवाज म्हणाला, "कदम बँड? ज़रा मास्टर से बात कराइए."

रेखाने माझ्याकडे पाहिलं. तिने तोंडातली पत्ती काढली, पदराला पुसली.

"बोल रही हूँ," ती म्हणाली. "तारीख बताइए."